सुरावरचा सूर

१

मांडवात सनई वाजायला लागली की लोकांचे कान तिच्याकडे जातात. तिच्या शेजारी बसून एकच सूर धरणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही. जुन्नरचा अमजद हा असा कुणी न बघितलेला माणूस होता. थोरला भाऊ नवाब सनई वाजवायचा, चुलतभाऊ दिलावर चौघड्यावर असायचा आणि अमजद सूर धरायचा. त्याच्या हातातलं वाद्य लांबून सनईसारखंच दिसे, पण त्यातून निघे तो एकच सूर. बोटांना काम नाही, सगळं काम दमाचं. गालांत हवा भरून ठेवायची, ती सोडता सोडता नाकाने नवी घ्यायची, आणि लग्न लागण्याआधीपासून पाठवणीपर्यंत सूर तुटू द्यायचा नाही. सूर तुटला की सनई उघडी पडते, असं नवाब म्हणे.

अमजदला या कामाचा कधी कंटाळा आला नाही. सूर एकदा बसला की तोंड आपलं आपण चालायचं आणि डोकं मोकळं राहायचं. मग तो पंगतीतली माणसं बघे, नवरीची आई कुठे कुठे धावते ते बघे आणि हटकून आपल्या ताहेराचा विचार करी. ताहेरा त्याची एकुलती एक लेक, आणि बोलघेवडी. सकाळी डोळे उघडल्यापासून तिचं तोंड चालू. शेजारणीच्या कोंबडीने कुठे अंडं घातलं इथपासून शिवनेरीवर ढग कसा टेकलाय इथपर्यंत तिला सगळं अब्बाला सांगायचं असे. ती चार दिवस मावशीकडे गेली की अमजदची बायको रहिमाबी म्हणे, "घरावर झाकण ठेवल्यासारखं झालंय."

तर माघातली गोष्ट. कळंबला गेणभाऊच्या मुलीचं लग्न होतं. गेणभाऊच्या बापजाद्यांची मेंढरं होती. आता घरात बाजरी आणि कांदा. मुलीचं नाव शीला. शाळेच्या मास्तरांनी ठेवलेलं, म्हणून गेणभाऊला त्या नावाचा भारी अभिमान. दुपारी लग्न लागलं. पंगती बसल्या. नवाब सारंगाच्या वळणाचं काहीतरी हलकं वाजवत होता आणि अमजद नेहमीसारखा डोळे अर्धे मिटून सूर धरून बसला होता.

थोड्या वेळाने सनईची चाल बदलली. पाठवणीची चाल सुरू झाली. अमजदला नवल वाटलं. नवरी अजून जेवायला बसायची होती, मग भाईजानला इतकी घाई कसली? त्याने मान वळवून पाहिलं.

नवाबने सनई मांडीवर आडवी ठेवली होती. सनईच्या तोंडाची पत्ती कोरडी पडली म्हणून तो दुसरी पत्ती ओठांत धरून भिजवत बसला होता. त्याची बोटं मोकळी होती. आणि तो अमजदच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

चाल चालूच होती. ती फार बारीक होती, अमजदच्या सुराच्या वर, केसाएवढी. अमजद दचकला आणि त्याचा दम सुटला. सूर तुटला. चालही तिथेच तुटली.

पंगतीतल्या कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त नवरीच्या खोलीच्या दारात शीला उभी होती. हळदीच्या अंगाने, मुंडावळ्या एका हाताने बाजूला धरून ती वाजंत्र्यांकडे बघत होती. कुणीतरी हाक मारली म्हणून बाहेर यावं, तशी.

२

परतताना एस.टी.त नवाबने हा विषय काढला नाही. अमजदनेच काढला.

"तू ऐकलंस ना, भाईजान?"

"ऐकलं."

"काय होतं ते?"

नवाब विचार करून म्हणाला, "तंबोरा बरोबर जुळला ना, की त्यातून गंधार आपसूक बोलतो. कुठल्याच तारेत तो नसतो, पण वर ऐकू येतो. उस्तादांनी मला कान धरून ऐकवला होता. सूर शुद्ध लागला की वर दुसरा सूर जन्मतो. तुझा सूर आज तसा लागला. अल्लाची मेहेरबानी समज."

"एक सूर जन्मेल. अख्खी चाल कशी जन्मेल? आणि पाठवणीचीच?"

"तुझ्या डोक्यात पाठवणी असेल," नवाब म्हणाला. "ताहेराचं जमवायचं चाललंय ना घरात." आणि तो खिडकीतून बाहेर बघू लागला. दिलावर म्हणाला की नवाबभाई मधे थांबला होता हेच मला कळलं नाही, मी आपला ठेका देत होतो.

अमजदने पुढे आठवडाभर घरी सूर लावून पाहिला. दार लावून, कान देऊन. काही नाही. मंचरला एक लग्न झालं, ओतूरला झालं, तिथेही काही नाही. माणसाला विसरायला एवढं पुरतं. त्याच सुमारास नारायणगावच्या बांगडीवाल्यांकडून ताहेराला मागणी आली. माणसं चांगली होती. मुलाची आई आबेदा घर बघायला आली तेव्हा ताहेराशी दोन तास बोलत बसली आणि जाताना रहिमाबीला म्हणाली, "पोर गोड बोलते. आमच्या घरात सगळे मुके आहेत, बरं होईल." ईद झाली की लग्न करायचं ठरलं.

मग चैत्रात, रविवारच्या बाजारच्या दिवशी, गेणभाऊ दारात येऊन उभा राहिला. बाजाराला आलेला दिसत नव्हता. हातात पिशवी नाही की डोक्याला पागोटं नीट नाही.

"पावणं, आत या," अमजद म्हणाला.

गेणभाऊ उंबऱ्यातच बसला. "अमजदभाऊ, येक इचारतो. राग मानू नका. माज्या पोरीच्या लग्नात तुमी काय वाजवलं व्हतं?"

"का? काय झालं?"

"पोरगी माघारी आली. सासरच्यांनी आणून सोडली. मारझोड न्हाई, काय न्हाई. हात जोडून सोडून गेली मानसं. तिचं बोलनं ऐकवत न्हाई म्हनत्यात."

"वाईट बोलते?"

"न्हाई वो. चांगलं बोलती. तुमीच या आन् ऐका. मला सांगता येत न्हाई."

३

गेणभाऊचं घर लग्नात पाहिलं तेव्हा माणसांनी भरलेलं होतं. आता अंगणात शेणाचा सडाही नव्हता. गोठ्याच्या एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल मांडून शीलाची आई धोंडाबाई भाकरी थापत होती. घरात चूल असताना.

"आत न्हाई जात मी," तिने अमजदकडे न बघता सांगितलं. "निजते बी हितंच."

अमजद आत गेला. गेणभाऊ त्याच्या मागे दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. ओटीवर शीला सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. अंगावर नवं लुगडं, हातात चुडा. तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि हसली.

"या काका, बसा. उन्हाचं आलात. पानी आनते."

एवढंच ती बोलली. आवाज मुलीचा, थोडा बसका, कळंबच्या कुठल्याही मुलीचा असतो तसा. त्यात काही वावगं नव्हतं. पण ती बोलत असताना त्या आवाजाच्या वर, अगदी बारीक, आणखी काहीतरी बोललं गेलं. शब्द तिच्या शब्दांबरोबर सुरू झाले आणि तिच्या शब्दांबरोबर संपले. ते ती म्हणत नव्हती. तिच्या बोलण्यावर स्वार होऊन ते येत होतं. अर्थ आत्ता लागेल, आता लागेल असं वाटत होतं. आणि तो लागू नये म्हणून अमजदच्या अंगातलं सगळं बळ एकदम जागं झालं.

तिने पाणी आणून ठेवलं. त्याने तांब्या उचलला नाही.

"काका, तुमी गावोगाव हिंडता. तुमी तरी सांगा. माज्या बोलन्यात काय वंगाळ हाय?" ती त्याच्या समोर बसली. "सासूबाई म्हनल्या तोंड सांभाळ. मी म्हनलं, आत्याबाई, भाजीत मीठ टाकू का? त्यात काय सांभाळायचं? आई माज्याजवळ बसत न्हाई. मी गप बसते, तर म्हनत्यात तुजा सुस्कारा बी नको. मी काय करू?"

ती जितकी जास्त बोलत होती तितकं वरचं बोलणं स्वच्छ होत होतं. पहिला शब्द कळायला आला. अमजद उठला. काय कारण सांगितलं ते त्याला पुढे कधीच आठवलं नाही. तो दाराबाहेर आला तेव्हा आतून तिने हाक मारली, "काका, पानी तरी…" आणि तो अंगणातून जवळजवळ पळत रस्त्याला लागला.

गेणभाऊने त्याला गाठलं. "ऐकलं न्हवं?"

"कधीपासून?"

"पाठवनीच्या दिसापासनं. गाडीत बसली आन् मला म्हनली, आबा, येते मी. तवाच माज्या काळजात चर्र झालं. मला वाटलं, बापाचं काळीज हाय, व्हत आसंल तसं." गेणभाऊच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो ते पुसत नव्हता. "तुमचं वाजवनं व्हतं त्ये परत घ्या, अमजदभाऊ. काय बी करा. उलटं वाजवा. मी पाया पडतो."

अमजदने गेणभाऊचे हात धरले, सोडले, आणि एस.टी.च्या वाटेला लागला.

४

त्यानंतर अमजदने सूर तोंडाला लावला नाही. नवाब चिडला, मग समजावू लागला. "मुलीच्या डोक्यावर परिणाम झालाय. होतं असं. लग्न मनाविरुद्ध असेल. माणसाच्या बोलण्याचा सूर बदलतो, मग लोक नको ते ऐकतात."

"तू चल, ऐक तिला."

नवाब गेला नाही. पुढे जायची वेळही राहिली नाही. कांद्याच्या गाडीबरोबर कळंबहून निरोप आला की गेणभाऊची शीला विहिरीत सापडली. निरोप आणणारा हळू आवाजात सांगत होता की ती बुडताना ओरडली असणार, आसपास माणसं होती, पण तिच्या आवाजाच्या दिशेने कुणी गेलं नाही.

अमजदने त्या दिवशी रहिमाबीला सांगितलं, ताहेराच्या लग्नात काही वाजणार नाही.

"वाजंत्र्याच्या घरचं लग्न, आणि मुकं?" रहिमाबी म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

सनई नाही, चौघडा नाही. बायकांनी ढोलकी आणली ती त्याने काढून घेतली. सूर म्हणून जे जे एकसारखं लांब चालतं त्या सगळ्याची त्याला धास्ती बसली होती. शेजारचा पिंजारी कापूस पिंजायला बसला की त्याच्या धनुकलीची तार घूं घूं करायची. अमजदने त्याला दोन दिवस काम थांबवायला हात जोडले. मांडवाच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं होतं, ते त्याने स्वतः काढलं आणि डोळा सुजवून घेतला. आपण वेड्यासारखं करतोय हे त्याला कळत होतं. ताहेरा त्याच्या सुजल्या डोळ्यावर चुना लावताना हसून हसून बेजार झाली. "अब्बा, माश्यांनी पण गायचं नाही का माझ्या लग्नात?"

निकाह दुपारी व्यवस्थित झाला. माणसं जेवली. कुठे काही खुट्ट झालं नाही. अमजदला कितीतरी दिवसांनी भूक लागली, आणि तो नवाबच्या शेजारी बसून पोटभर जेवला.

निरोपाची वेळ झाली. नारायणगावच्या लोकांनी वऱ्हाडासाठी भाड्याची लॉरी आणली होती. ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ताहेरा आईच्या गळ्यात पडून रडत होती, बायका रडत होत्या. आणि ड्रायव्हरने हँडल मारून लॉरी सुरू केली.

इंजिन आधी खोकलं, थरथरलं, आणि मग एका सुरावर स्थिर झालं.

अमजदने तो सूर ओळखला. वीस वर्षं त्याने तोच तोंडात धरला होता. आणि मग त्या इंजिनाच्या घरघरीच्या वर, केसाएवढी बारीक, पाठवणीची चाल सुरू झाली.

तो धावला. "इंजिन बंद कर."

"चाचा, जुनी गाडी आहे," ड्रायव्हर म्हणाला. "आता बंद केली तर अंधार पडेपर्यंत सुरू व्हायची नाही."

"मी हँडल मारतो. रात्रभर मारतो. तू बंद कर, तुझ्या पाया पडतो."

लोक बघू लागले. कुणीतरी मायेने हसलं. बापाला लेक सोडवत नाही. नवाब पुढे आला, त्याने भावाला खांद्याला धरलं. अमजदने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नवाबलाही ऐकू येत होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि तरी तो म्हणत होता, "सोड, अमजद. लोक बघतायत."

अमजद गाडीच्या दांड्याला धरून लोंबकळला. दोन-तीन जणांनी त्याचे हात सोडवले. ताहेरा वर चढली होती. तिने ओढणी बाजूला केली, एका क्षणासाठी मान वर उचलून इकडेतिकडे पाहिलं, जणू कुणी हाक मारली होती. मग तिला बाप दिसला.

"अब्बा," ती म्हणाली, "रडू नका. मी येईन ना."

त्याने डोळे मिटले. कान मिटता येत नाहीत.

५

पावसाळा अर्धा सरला होता तेव्हा आबेदा ताहेराला घेऊन आली. चांगल्या घरची बाई होती; ओरडली नाही, दोष दिला नाही. चहासुद्धा घेतला. मग बाहेर पडवीत येऊन रहिमाबीचा हात धरून म्हणाली, "बहीण, मी खूप केलं. माझा मुलगा दुकानात झोपतो. पोरगी गुणाची आहे. पण मला नमाज पढताना तिचं बोलणं मध्ये येतं." आणि ती एस.टी. गाठायला निघून गेली.

घरात ताहेरा बोलत होती. तिला बोलल्याशिवाय राहवतच नव्हतं. नारायणगावची गल्ली कशी आहे, बांगड्या कशा गरम असतानाच वळवतात, नणंद कशी चोरून चिंचा खाते. रहिमाबी भिंतीला टेकून ऐकत होती. मधेच ती उठून आत गेली, आणि अमजदला ती उलटी करत असल्याचा आवाज आला.

अमजद बसून राहिला. त्याने स्वतःला बजावलं होतं की उठायचं नाही. त्याने मांडीखाली हात दाबून धरले. ताहेरा बांगड्यांबद्दल बोलत होती आणि तिच्या बोलण्यावरून ते दुसरं चालत येत होतं. या वेळी त्याला दोन शब्द कळले. तिसरा कळायच्या आत तो दाराबाहेर अंगणात, पावसात उभा होता. पाय त्याला कधी घेऊन आले ते समजलं नाही. मागे खोलीत बोलणं थांबलं होतं.

तो आत गेला तेव्हा ताहेरा त्याच्या रिकाम्या जागेकडे बघत बसली होती.

"मी नाही बोलत, अब्बा," ती म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला, कारण तेवढंही बोलणंच होतं.

मग ती खरंच गप्प झाली. बोलघेवडी पोर दिवसेंदिवस ओठ घट्ट मिटून घरात वावरू लागली. पण श्वास कुणाला थांबवता येतो? भांडं घासताना ती नकळत गुणगुणे. खोकली, शिंकली, झोपेत कण्हली की पलीकडच्या खोलीत रहिमाबी उठून बसे. एक दिवस रहिमाबीने कपड्यांचं गाठोडं बांधलं. "मी आई आहे रे तिची," ती अमजदला म्हणाली. "मी तिला नऊ महिने पोटात ठेवली. आणि आता मला ती नको वाटते. मला इथून जाऊ दे, नाहीतर मी तिचं काहीतरी करून बसेन." ती भावाच्या घरी निघून गेली. नवाब तर येतच नव्हता. दारावरून जाताना तो रस्त्याची पलीकडची बाजू धरे.

राहिले बाप आणि लेक. अमजद पीरसाहेबांकडे गेला, येडगावला एक जाणता होता त्याच्याकडे गेला, सरकारी दवाखान्यात तिचा घसा दाखवून आला. घशात काही नव्हतं. डॉक्टर तपासताना तिला म्हणाला, "आ कर." तिने केला. डॉक्टरने दिवा विझवला आणि मान खाली घालून, घेऊन जा म्हणाला.

मग एका दुपारी अमजद बाजारातून आला तर ताहेरा घरात नव्हती. तो मागच्या दाराने धावत कुकडीच्या काठाला गेला. ती पायऱ्यांवर बसली होती, पाय पाण्यात सोडून. नदीला गढूळ पाणी होतं. ती पाण्याशी बोलत होती. भरभरून, हात हलवत, जसं पूर्वी त्याच्याशी बोलायची तसं. पायऱ्यांवर धुणं धुणारी एकही बाई नव्हती. धुणी अर्धी टाकून त्या गेल्या होत्या.

तिने त्याला पाहिलं आणि गप्प झाली. तिच्या डोळ्यांत त्याला गेणभाऊचं अंगण दिसलं. तो कानांवर हात ठेवून पायऱ्या उतरला, मग हात काढले, तिला दंडाला धरून घरी आणलं. वाटेत तो एकच विचार करत होता. हिला ऐकणारं एक माणूस पाहिजे. एकच. उठून न जाणारं. नाहीतर आज नाही तर उद्या ही त्या पाण्यात पुढची पायरी उतरेल.

घरी आल्यावर त्याने तिला जेवू घातलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन कडी लावली. सनईच्या पत्त्या साफ करायची लांब सुई त्याच्या पेटीत होती. त्याने ती दिव्यावर तापवली. नाकाने दम घेतला, गालांत भरला, आणि ओरडायचं नाही असं ठरवलं. तो ओरडला नाही.

६

दोन्ही कान पिकले. ताप भरला. नवाब शेवटी आला तो भावाला खाटेवर घालून दवाखान्यात न्यायला. डॉक्टरने काय सांगितलं ते अमजदला ऐकू आलं नाही, पण नवाबचा चेहरा पाहून त्याला समजलं, आणि त्या तापातही तो हसला.

ताप उतरला तेव्हा सगळं शांत होतं. कोंबडा मान उंचावून चोच उघडे आणि मिटे. समोरचा तांबट घणावर घण घाली आणि काही होत नसे. पाऊस कौलांवर पडे तो कापसासारखा. इतकी शांतता अमजदने आयुष्यात पाहिली नव्हती. वीस वर्षं त्याच्या कानांत सूर होता. तो नसतानाही असायचा. आता तोही नव्हता. तो खाटेवर पडून छपराकडे बघे आणि त्याला वाटे, पोरीसाठी केलं, पण आपल्यालाही बरंच झालं.

ताहेरा दिवसभर त्याच्याभोवती होती. ओठ मिटलेले. त्याने काय केलं, का केलं, हे तिला कळलं होतं. तिचे डोळे रडून रडून सुजले होते. कानांवरच्या पट्ट्या निघाल्या त्या सकाळी त्याने तिला जवळ बोलावलं. आपलाच आवाज त्याला ऐकू येत नव्हता, नुसता छातीत जाणवत होता.

"ये. बस माझ्यासमोर," तो म्हणाला. "आता बोल. कुठलंही बोल. मला काही होत नाही. मी इथून उठणार नाही."

ती बसली. आधी मान हलवून नाही म्हणाली. त्याने तिचे हात हातात घेतले. "बोल ना, ताहेरा. घरावर झाकण पडलंय."

तिचे ओठ हलले. थोडे, भीत भीत. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, तिथे काही उमटतंय का ते शोधत होती. ती लहानपणापासून जे बोलली, त्यातला एकेक आवाज त्याला ठाऊक होता, आणि त्यातला एकही आता येत नव्हता. नुसते ओठ. अमजदला हायसं वाटलं. त्याने तिला हसून दाखवलं. तिने धीर धरला, ती मोकळी होऊ लागली, तिचे हात हलू लागले.

मग त्याला ऐकू आलं.

तिचा आवाज गेला होता. तिच्या आवाजाने इतके दिवस झाकलेलं ते वरचं बोलणं तेवढं राहिलं होतं. आता त्याला कशाचाच आडोसा नव्हता. पावसाचा नाही, घणाचा नाही, तिच्या स्वतःच्या आवाजाचाही नाही. ते अगदी स्वच्छ होतं, घाई न करता बोलत होतं, शब्दावर शब्द, आणि अमजदला पहिल्या शब्दापासून सगळं समजत होतं.

ताहेराचा चेहरा फुलला होता. कित्येक महिन्यांनी कुणीतरी समोर बसून तिला ऐकत होतं. ती काहीतरी गमतीचं सांगत असावी. सांगता सांगता तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचे शब्दही त्याला कळले. त्याच्या हातांना घाम फुटला. तिने तो ओळखू नये म्हणून त्याने तिचे हात सोडले नाहीत, आणखी घट्ट धरले.

मधेच ती थांबली. त्याच्याकडे निरखून पाहू लागली. मग तिने आपल्या कानाला बोट लावलं आणि भुवया उंचावून विचारलं: काही ऐकू येतं का?

अमजदने हसत हसत मान हलवली. नाही.

ती सरसावून बसली आणि पुढचं सांगू लागली.